मोरचूद, अल्जिनेटचे मणी आणि कोंबडीची अंडी: परभणीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

२४ फेब्रुवारी

कृत्रिम ऊतीचा तुकडा जखमेत बसवला की पहिली अडचण रक्ताची येते. केशवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या पलीकडच्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही आणि तुकडा आतून मरतो. व्हीईजीएफ नावाचं वाढीचं प्रथिन घातलं तर नव्या वाहिन्या येतात, पण ते महाग, आणि फ्रिज बंद पडला की संपलं. तांब्याचे किंवा कोबाल्टचे आयन थोडे दिले तर पेशी हेच प्रथिन स्वतः जास्त बनवतात. ऑक्सिजन असूनही तो कमी पडतोय असा पेशीचा समज होतो. २०१९ चं वैद्यकाचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं ते ऑक्सिजन ओळखण्याच्या याच यंत्रणेसाठी. सिद्धान्त इथेच थांबवते, तो पुस्तकात आहे. इथे फक्त आमच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये काय घडलं ते येईल.

आमच्याकडे सेल कल्चरची, म्हणजे पेशी भांड्यात वाढवायची, सोय नाही, उंदीर पाळायची परवानगी नाही. म्हणून कोंबडीचं अंडं. पिल्लाच्या श्वासासाठी कवचाच्या आत एक पडदा वाढतो, तो रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो. लॅबच्या बोलीत त्याला कॅम म्हणतात. कवचाला खिडकी पाडायची, पडद्यावर तांबं असलेला मणी ठेवायचा आणि भोवतीच्या वाहिन्या पाहायच्या. चौदाव्या दिवसाच्या आत काम थांबवणार आहोत. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीला तसं लेखी कळवलं आहे. आपल्याकडे गरज नसेल असं धरून चालू नका, आधी विचारून घ्या.

कोबाल्ट घेतला नाही. कोबाल्ट क्लोराइडवर कर्करोगाचा संशय आहे, पोरं हातमोजे अर्ध्यातच काढून ठेवतात, आणि आमच्या बेसिनचं पाणी मागच्या नाल्यात जातं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जालन्याकडची एक विद्यार्थिनी घरून मोरचुदाची पुडी घेऊन आली. त्यांच्या मोसंबीला बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावून उरलेला. "मॅडम, हेच ना कॉपर सल्फेट? मग बाटली कशाला मागवायची?" हेच, पण शेतीच्या मोरचुदात लोह आणि इतर धातू मिसळलेले असू शकतात आणि आपण मोजणार मायक्रोग्रॅममध्ये. पुडी दाखवायला ठेवली, प्रयोगाला एआर ग्रेडची, म्हणजे शुद्ध रसायनाची, बाटली उघडली. स्फटिकांच्या वजनात तांबं जेमतेम चौथा हिस्सा असतं, बाकी सल्फेट आणि पाणी. मोलारिटी (लिटरमध्ये किती मोल) काढताना रेणुभार २४९.७ धरायचा. पोरं निर्जल सल्फेटचा १५९.६ धरतात आणि तिथूनच सगळं चुकत जातं.

२७ फेब्रुवारी

मण्यांसाठी दोन टक्के सोडियम अल्जिनेट रात्रभर भिजत ठेवलं होतं. ही समुद्री शेवाळापासूनची भुकटी, कॅल्शियम मिळालं की जेलीसारखी आळते. सकाळी बीकरमध्ये साबुदाण्याच्या खिचडीसारखे गोळे. ढवळून, गरम करून काही उपयोग झाला नाही.

कारण अल्जिनेटमध्ये नव्हतं, कॅनमध्ये होतं. डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर काहीच लिहिलेलं नव्हतं, लॅबच्या मामांनी तो बोअरच्या नळाखाली भरून ठेवला. आपल्या काळ्या पाषाणातून आलेलं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमने अल्जिनेट मणी पाडायच्या आधीच आळलं. आता कॅनवर लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. पाण्याबद्दल शंका आली तर आधी साबण घासून पाहा. फेस धरत नसेल तर ते पाणी या कामाचं नाही.

नव्या पाण्यात अल्जिनेट दुपारपर्यंत मधासारखं दाट पण एकजीव झालं. टोक कापलेल्या २२ गेजच्या सुईतून दोन टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडले. सुई पाण्याच्या फार जवळ धरली की मण्याला शेपूट येतं. चार-पाच बोटं वर धरा. ३ मिलिमीटरचे गोल मणी मिळाले.

१ मार्च

मणी धुवायला फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं फॉस्फेटचं द्रावण) वापरू नका. प्रोटोकॉलमध्ये सगळीकडे तोच लिहिलेला असतो, पण फॉस्फेट मण्यातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी बुळबुळीत होऊन फुटतात. शिवाय तांबं फॉस्फेटबरोबर निळसर गाळ होऊन बसतं, म्हणजे मण्यातून बाहेर किती आलं ते कळतच नाही. मेडिकलमधली सलाइनची बाटली आणा आणि त्यात चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड घाला. काम भागतं आणि पन्नासच्या नोटेत होतं.

८ मार्च

दुकानातली पांढरी अंडी चालत नाहीत. लेयर फार्मवर कोंबडाच नसतो, त्या अंड्यात पिल्लू कुठून येणार. म्हणून गंगाखेड रस्त्यावरच्या एका वस्तीवरून गावरान अंडी आणली होती. पिल्लं होती त्यांत, पण मावशींनी अंडी आठवडाभर साठवलेली, कोणतं कधीचं ते त्यांनाही सांगता येईना. तिसऱ्या दिवशी टॉर्चवर पाहिलं तर एका अंड्यात वाहिन्यांचं जाळं पसरलेलं, शेजारच्यात नुसता ठिपका. एकाच दिवशी बसवलेली अंडी वेगवेगळ्या वयाची असली तर वाहिन्यांची तुलना कशी करायची?

खिडकीचाही घोळ झाला. पांढरं न काढताच कवच कापलं, तर वाढू लागलेला पडदा कवचाला चिकटलेला होता, कवचाबरोबर फाटला आणि रक्त वाहिलं. तिसऱ्या दिवशी निमुळत्या टोकाकडे खालच्या अंगाने सुई घालून दोन-तीन मिलिलिटर पांढरं ओढून घ्या, म्हणजे आतलं सगळं खाली बसतं आणि वरच्या बाजूला पोकळी होते. मग वर चिकटपट्टी लावून बारीक कात्रीने सेंटिमीटरभर खिडकी कापा. पट्टी आधी लावायची, नाहीतर कवचाचा भुगा पडद्यावर पडतो. हा भुगा पडद्याला चुरचुरतो, जिथे पडेल तिथे वाहिन्या गोळा होतात, आणि आपण त्याचं श्रेय तांब्याला देऊन मोकळे होतो.

पुढची अंडी उबवणी केंद्रातून घेणार. नगाला तिसेक रुपये पडतात, पण सगळी एका तारखेची, एका वजनाची असतात. मावशींची माफी मागते, पण इथे गावरानचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

१५ मार्च

केंद्राची अंडी बसवली. आडवी ठेवून वर पेन्सिलने खूण. ३७.५ अंश, ट्रेमध्ये पाणी, आर्द्रता साठच्या आसपास. कुणीतरी ट्रेच्या पाण्यात बुरशी होऊ नये म्हणून मोरचूद टाकायला निघालं होतं. इतर लॅबमध्ये ती पद्धत आहे, पण तांब्याचाच प्रयोग असलेल्या इन्क्युबेटरमध्ये नको. ट्रे रोज उकळत्या पाण्याने धुतो.

लाइट दोनदा गेली. एकदा बराच वेळ आली नाही. दार न उघडता वर जाड सतरंजी टाकली. टॉर्चवर सगळी जिवंत.

२४ मार्च

काल, म्हणजे आठव्या दिवशी, मणी ठेवले. आज सकाळी निम्मी अंडी मेलेली. जी जिवंत आहेत त्यांतल्या एकाचं वर्णन लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी पाहिलं तर ओळखेल. मणी फिकट निळा. त्याच्याभोवती दोन-तीन मिलिमीटरचा पडदा पांढुरका झालेला, शिजवलेल्या अंड्याच्या कडेसारखा नाही, त्याहून मातकट. त्या पट्ट्यात वाहिन्यांच्या जागी तुटक तपकिरी रेघा. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेवर मात्र टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, आणि त्यापलीकडे वाहिन्या नेहमीपेक्षा फुगलेल्या. फोटो नुसता चाळला तर ही बाहेरची लाली पाहून कुणीही "वाढल्या की!" म्हणेल. ती वाढ नव्हती, ती भाजलेल्या जागेभोवतीची सूज होती.

कॅल्शियमचेच मणी ठेवलेली अंडी ठणठणीत. म्हणजे दोष मण्याचा नाही, तांब्याचा आहे.

२८ मार्च

तांबं इतकं जड कसं पडलं याचा हिशेब लागला. ही नोंद जरा लांबेल, पण या कामात सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथेच गेले.

कॅल्शियमचे मणी ५ मिलिमोलर कॉपर सल्फेटच्या मोठ्या बीकरमध्ये रात्रभर बुडवले होते. बीकरमध्ये ५ मिलिमोलर, म्हणजे मण्यातही ५ मिलिमोलर, असं आम्ही गृहीत धरलं. ३ मिलिमीटरच्या मण्याचं घनफळ १४ मायक्रोलिटर. त्यात ५ मिलिमोलर म्हणजे ७० नॅनोमोल, साधारण साडेचार मायक्रोग्रॅम तांबं. कागदावर ठीक दिसत होतं.

पण अल्जिनेट म्हणजे स्पंज नाही. कॅल्शियम सोडून तांबं धरण्याकडे त्याचा ओढा जास्त असतो. दोन टक्के अल्जिनेटमध्ये ऋणभारित जागा साधारण १०० मिलिमोलर भरतात. दोन जागांना एक तांबं धरलं तर मण्यात ५० मिलिमोलरपर्यंत तांबं बसू शकतं. १४ मायक्रोलिटरमध्ये ते ७०० नॅनोमोल, म्हणजे ४५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. ठरवलं त्याच्या दहापट. आठ दिवसांच्या पडद्यावर एका टिंबाएवढ्या जागेत एवढं तांबं ठेवलं तर तो मरणारच.

खूण समोर होती. बुडवताना मणी रंगहीन होते, सकाळी निळे, आणि बीकरमधल्या पाण्याचा फिकट निळा रंग मात्र उतरलेला. तांबं पाण्यातून मण्यात गेलं हे डोळ्यांना दिसत होतं.

आता सांद्रता नाही, एकूण तांबं ठरवायचं. मणी मोजून शंभर घ्यायचे. ०.१ मिलिमोलरच्या फक्त १० मिलिलिटरमध्ये टाकायचे. त्या १० मिलिलिटरमध्ये एकूण १ मायक्रोमोल तांबं आहे. सगळं मण्यात गेलं तर मण्याला १० नॅनोमोल, म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅमच्या थोडं वर. उरलेल्या पाण्यातलं तांबं मोजून वजा करायचं. मणी सारखे हलवत राहा, नाहीतर वरचे मणी तांबं खातात आणि खालचे उपाशी राहतात.

२९ मार्च

उरलेलं तांबं मोजायला बीएस्सीची जुनी अमोनियाची पद्धत लावली. अमोनिया टाकला की गडद निळं होतं ती. ०.१ मिलिमोलरला कलरीमीटर (रंगाची गडदता मोजणारं यंत्र) शून्यच दाखवतो. काटा खराब झालाय म्हणून एक दुपार त्याच्याशी झटापट केली, काटा ठीक होता. अमोनियाचा निळा रंग एवढ्या कमी तांब्याला दिसतच नाही.

निओक्युप्रोइन मागवलं. तांबं आधी हायड्रॉक्सिलअमीनने एकसंयुजी करायचं, मग हे टाकलं की पिवळं-केशरी होतं. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा फिल्टर लावा. अमोनियापेक्षा शंभरपटीहून जास्त संवेदनशील. या प्रकल्पातली सगळ्यात महाग पुडी हीच, पण ग्रॅमभरात अनेक वर्षांचं काम होतं. शेजारच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाशी भागीत घेतली.

९ एप्रिल

पुडी यायला आठवड्याहून जास्त गेला. मोजलं तर रात्रभरात पाण्यात तांबं जवळपास उरत नाही. १० आणि २ नॅनोमोलचे मणी तयार. तिसरा गट तेवढंच सोडियम सल्फेट दिलेल्या मण्यांचा, म्हणजे फरक सल्फेटचा आहे की तांब्याचा ते कळेल. चौथा नुसत्या खिडकीचा. आज अंडी बसवली.

१३ एप्रिल

सगळी गेली. मण्यांपर्यंत पोचलोच नाही.

लाइट गेली म्हणून नाही. उन्हाने. आमची लॅब वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. बाहेर ४२ होतं, दुपारी खोलीतच ४० च्या जवळ. इन्क्युबेटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. डिस्प्लेवर ३७.५ चा सेट आकडा होता म्हणून कुणी पाहिलं नाही. आत वेगळा थर्मामीटर ठेवला तर ३९.८. मार्चमध्ये लाइट जाऊन अंडी काही वेळ गार पडली तरी पिल्लं वाचली होती. थंडी त्यांना थोडा वेळ चालते, दोन अंशांची जास्त उष्णता चालत नाही.

शिवाय अंडी आणतानाच दुपारी टेम्पोत तापली असणार. एकवीस-बावीस अंशांच्या वर गेलं की पिल्लाची वाढ आपोआप थोडी सुरू होते, मग अर्धवट थांबते, आणि नंतर नीट चालत नाही. अंडी पहाटे आणायची आणि बसवेपर्यंत गार खोलीत ठेवायची. फ्रिजमध्ये मात्र नाही, चार अंश त्यांना फार थंड.

अंडी देणारे उबवणी केंद्रातले काका फोनवर म्हणाले, "मॅडम, एप्रिलात खुडूक कोंबडीबी धड बसत नाही, तुमची पेटी कशी बसंल?" हे मार्चमध्ये सांगितलं असतं तर.

१७ एप्रिल

संगणक विभागाच्या एसी खोलीचा एक कोपरा मागून घेतला आणि आज तिथे नवी अंडी बसवली. त्यांनी बरीच खळखळ केली, अंड्यांचा वास येईल म्हणून. वास येत नाही, मेलेलं अंडं वेळेवर काढलं तर. एसीने हवा कोरडी होते, ट्रेमध्ये पाणी दुप्पट लागतं. कूलरची खोली मिळत असेल तर आर्द्रतेसाठी ती बरी, पण तिचं तापमान दुपारी हातचं राहत नाही.

२५ एप्रिल

मणी ठेवले. ठेवताना प्रत्येक अंड्याचा फोटो घेतला, तोच मोबाइल, तेच अंतर. याचं महत्त्व पुढे येईल.

ओल्या पडद्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि पांढऱ्या रेघा वाहिन्यांसारख्या दिसतात. दोन्ही बाजूंनी एलईडी लावून समोर ट्रेसिंग पेपर धरला, मग निवळलं.

२९ एप्रिल

बाराव्या दिवशी फोटो घेतले. लगेच डोळ्यांत भरलं ते म्हणजे १० नॅनोमोलच्या बऱ्याच मण्यांभोवती सायकलच्या आऱ्यांसारख्या वाहिन्या. पोरं नाचायला लागली. मी त्यांना थांबवलं.

आऱ्या दोन कारणांनी दिसतात. नव्या वाहिन्या मण्याकडे वाढल्या तर, किंवा मण्याने पडदा आकसला आणि आधीच्याच वाहिन्या मण्याकडे ओढल्या गेल्या तर. नुसत्या शेवटच्या फोटोवरून हे सांगता येत नाही. म्हणून २५ तारखेचा फोटो काढून २९ च्या फोटोवर ठेवला आणि जाड वाहिन्यांचे फाटे जुळवले. एखादा जुना फाटा मण्याच्या जवळ सरकला असेल तर तिथे पडदा आकसला आहे आणि ते अंडं मोजणीतून बाद. काही अंडी अशी बाद झाली, आणि ती जवळजवळ सगळी १० नॅनोमोलचीच होती. मण्यांभोवतीचं पाणी सुकलं की हे जास्त होतं. खिडकीची पट्टी नीट चिकटवा.

३ मे

मोजणी. फोटोंची नावं काढून रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी त्यांना नुसते क्रमांक दिले. यादी त्यांच्या कपाटात. मोजायची पद्धत साधी आहे. संगणकावर मण्याभोवती ठराविक अंतरावर वर्तुळ काढायचं आणि ते किती वाहिन्या ओलांडतात ते मोजायचं. दोघी विद्यार्थिनींनी वेगवेगळं मोजलं. जिथे आकडे फार जुळले नाहीत तिथे भांडण एकाच गोष्टीवरून होतं, केसाएवढ्या वाहिन्या धरायच्या की नाही. शेवटी स्क्रीनवर दोन पिक्सेलपेक्षा बारीक सोडायच्या असं ठरवून पुन्हा मोजलं.

यादी उघडली. १० नॅनोमोलचा गट सल्फेटच्या गटापेक्षा वर आहे. २ नॅनोमोलचा आणि सल्फेटचा गट एकमेकांत मिसळलेले. फरक खरा वाटतो, पण २९ तारखेला नुसत्या डोळ्यांना वाटला होता त्याच्या निम्माही नाही. पोरं जरा नाराज झाली. मला मात्र हाच आकडा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण नावं माहीत असताना आम्ही तिघींनीही नकळत तांब्याला झुकतं माप दिलं होतं हे मी पहिल्या कच्च्या मोजणीत पाहिलंय.

१० च्या वर, मार्चसारखं मारून टाकण्याच्या खाली, कुठे ठेवायचं हे अजून ठरायचंय. मधे ३० चा गट लावून पाहायचा आहे. पण मेमध्ये नाही. अंडी पावसाळ्याआधी आणणार नाही.

६ मे

आवराआवर. पिल्लं असलेली अंडी डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून मगच जैविक कचऱ्यात.

तांब्याचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. सगळं एका बरणीत जमवा. त्यात धुण्याचा सोडा विरघळवून थोडा थोडा टाका. तांबं निळसर-हिरव्या गाळात बसतं. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी हळूच वेगळं करून त्यातल्या चमचाभर पाण्यावर निओक्युप्रोइनची चाचणी करा. ठळक केशरी आलं तर ते पाणी अजून ओतायचं नाही. गाळ वाळवून, डबीवर नाव घालून, रसायनशास्त्र विभागाच्या जड धातूंच्या डब्यात द्यायचा. निळे मणीही त्याच डब्यात.